नव्या बापाचा आकडा

बाळाच्या पोटऱ्यांना तेल चोळत असतानाच शार्दूल गवांदेच्या डाव्या दंडात काहीतरी थरथरलं. न्हाणीघरात पाटावर बसून, पाय लांब पसरून, नडग्यांमधल्या खोबणीत त्यानं बाळाला निजवलं होतं. बाळ छताकडे बघत हुंकार देत होतं. एरवी हे काम चालू असताना शार्दूलनं कुणालाच दाद दिली नसती. पण दंडातली ही थरथर निराळी होती. यंत्र बसवल्यापासून ती कधी झालीच नव्हती.

"ओवी, टॉवेल दे गं!"

दारात उकिडवं बसून रोज हा सोहळा बघणाऱ्या त्याच्या सहा वर्षांच्या लेकीनं टॉवेल पुढे केला. त्यानं घाईघाईनं हात पुसले आणि कोनाड्यातला फोन उचलला. नेहमी हिरवा असणारा गोल पिवळा झाला होता. खाली अगदी अदबीनं लिहिलं होतं : 'तुमची पातळी आधारपातळीच्या खाली उतरते आहे. वाढवू?'

शार्दूल त्या पिवळ्या गोलाकडे बघत बसला. उघडं बाळ कुरकुरायला लागलं तरी त्याला पत्ता नव्हता.

"बाबा," ओवी म्हणाली, "त्याचा एक पाय राहिलाय."

दंडाच्या कातडीखाली बसणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या यंत्राचं नाव होतं 'तोल'. पुरुषाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन ते दिवसभर मोजत राही. हे संप्रेरक सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं, जागरणानं कोसळतं, माणसागणिक वेगळं असतं. त्यामुळे दवाखान्यात जाऊन एकदा रक्त देण्यात फारसा अर्थ नसे. 'तोल'नं ती अडचण सोडवली. ते प्रत्येक माणसाची आधी एक आधारपातळी ठरवी, म्हणजे तो धडधाकट असतानाची त्याची स्वतःची पातळी. मग तुलना जगाशी नाही, स्वतःशीच. आकडा फार खाली गेला तर मालकाच्या परवानगीनं दाणा स्वतःच थोडं संप्रेरक सोडी. कल्पना झकास होती. इतकी झकास, की पाच-सहा वर्षांत ज्याच्या दंडात दाणा नाही तो माणूस काहीतरी लपवतोय, असं लोकांना वाटायला लागलं. लग्नाच्या बायोडेटात शिक्षण आणि उंचीच्या खाली 'तोल : हिरवा' असं छापून यायला लागलं. आणि कँटीनमध्ये चहा पिताना बाप्ये एकमेकांना आपापले गोल दाखवायला लागले, शाळेत पोरं मार्क दाखवतात तसे.

शार्दूलचा गोल कायम हिरवा असे. नावच वाघाचं, तेव्हा त्याला ते शोभूनही दिसे. शिवाय आकड्यांवर त्याची श्रद्धा होती, कारण आकड्यांवरच त्याचं पोट होतं. नाशकात अंबडच्या एका कारखान्यात तो मोजमापाच्या खोलीत काम करी. कारखान्यात तयार होणारा प्रत्येक सुटा भाग ज्या मापकांनी तपासत, ती मापकं बरोबर आहेत की नाहीत हे तपासणं त्याचं काम. त्यासाठी त्याच्याकडे कपाटात मखमलीत ठेवलेले 'मास्टर' असत. मास्टर म्हणजे ज्याच्यावर शंका घ्यायची नाही असा पोलादाचा तुकडा. बाकी सगळं जग त्या तुकड्याशी ताडून बघायचं. असा माणूस पिवळ्या गोलाला आजार समजला, यात नवल काही नव्हतं.

आता असा हा मोजमापवाला पाटावर बसून बाळाला न्हाऊ का घालत होता, तेही सांगायला हवं. त्याची बायको ऋजुता बार्शीची. ओवीच्या वेळी ती रीतसर सातव्या महिन्यात माहेरी गेली होती आणि पोर चांगली मान धरायला लागल्यावरच नाशकात परत आली होती. या वेळीही ती गेली असती. पण तिची आई गेल्या वर्षी अचानक वारली. शार्दूलची आई सिन्नरला मोठ्या मुलाकडे, गुडघ्यांनी अधू. तेव्हा नव्या कायद्यानं बापाला मिळणारी लांबलचक रजा शार्दूलनं घेतली आणि कंबर कसली. आळिवाची खीर शिकला. शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायला शिकला. बाळाला पालथं कसं धरायचं, टाळूवर तेल कसं थापायचं, सगळं शिकला. आणि हे सांगताना तो लाजत असे, पण त्याला ते मनापासून आवडायला लागलं होतं. बाळ रडायच्या आधीच त्याला जाग येई. नुसतं कुशीवर वळलं तरी येई. ऋजुता म्हणे, "तुझ्या कानात काय बसवलंय रे?"

मग हा पिवळा गोल कुठून आला?

शार्दूलला वाटलं, आपल्याला कारण माहीत आहे. त्याच आठवड्यात एका दुपारी ओवी शाळेत होती, बाळ झोपलं होतं, आणि किती दिवसांनी ऋजुता आपण होऊन त्याच्या कुशीत शिरली होती. त्याला आनंद झाला, भरून आलं, सगळं झालं. फक्त शरीरानं काखा वर केल्या. त्यानं बरीच खटपट केली. शेवटी ऋजुतानं त्याच्या केसांतून हात फिरवला. "राहू दे रे. झोपू या का त्यापेक्षा?" आणि पुढच्या मिनिटाला ती तोंड उघडं टाकून गाढ झोपलीसुद्धा. शार्दूल मात्र पंख्याकडे बघत पडून राहिला. पस्तिशीतच आपलं सगळं आटोपलं, असं त्याला वाटलं. त्याला भयंकर लाज वाटली, आणि ती लाज सांगायला घरात, दारात, कँटीनमध्ये कुणीही नव्हतं.

म्हणून न्हाऊमाखू घालून बाळ झोपल्यावर त्यानं दार लोटून घेतलं आणि फोनवर 'हो' दाबलं.

पहिले काही दिवस फार छान गेले. झोप कमी असूनही अंगात उत्साह आला. एका सकाळी तो पांडवलेण्यांच्या पायऱ्या न थांबता चढून गेला आणि वर उभा राहून एकटाच हसला. ऋजुताशी पुन्हा सगळं जमलं. तीही हसली, "वाघ जागा झाला वाटतं," म्हणाली. पण वाघ मग रोजच जागा राहायला लागला. सकाळी चहा गाळताना, दुपारी ती बाळाला पाजून नुकती आडवी होताना, कधीही.

"अरे, जरा माझं अंग मला परत मिळू दे," ती एकदा म्हणाली. "दिवसभर हे बाळ ओढत असतं, आणि ते सोडलं की तू."

यात राग यावा असं काही नव्हतं. शार्दूलला आला. का आला ते त्याला कळेना. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि गोल बघितला. हिरवा. दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना पुन्हा पिवळा. त्यानं वैतागून 'यापुढे विचारू नका, आपोआप वाढवा' असा पर्याय निवडून टाकला.

त्यानंतर एक गोष्ट बदलली, ती त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. त्याला जाग येईनाशी झाली. बाळ रडून रडून लाल झालं की ऋजुता कोपरानं ढोसे, तेव्हा त्याला ऐकू येई. आणि ऐकू आलं तरी ते पूर्वीसारखं पोटात जात नसे. शेजारच्या इमारतीत कुणी फरशी कापत असावं तसा तो नुसता आवाज होता. कधी बंद होईल याची वाट बघण्यासारखा. तेल लावणं, न्हाऊ घालणं चालू होतं, पण हात आपले आपण फिरत होते.

आणि मग ती संध्याकाळ आली. ऋजुता बाळंतपणानंतर पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होती, केस कापायला. बाळाचं पोट दुखत असावं. ते रडायला लागलं ते थांबेचना. शार्दूलनं खांद्यावर घेतलं, पालथं धरलं, हिंग लावला, येरझाऱ्या घातल्या. बाळाचा आवाज चढत गेला. त्याच्या डोक्यात काहीतरी ताणलं गेलं आणि तुटलं. त्यानं बाळाला पलंगावर ठेवलं.

ठेवलं नाही. टाकलं.

गादी मऊ होती. उंचीही फार नव्हती. बाळ क्षणभर गप्प झालं, मग दुप्पट जोरानं रडायला लागलं. शार्दूलनं मान वर केली तर दारात ओवी.  ती पलंगाजवळ आली आणि बाळाच्या नि बापाच्या मधोमध उभी राहिली.

"मी घेऊ का त्याला?" तिनं विचारलं. शाळेत नव्या बाईंशी बोलावं तशा आवाजात.

ऋजुता आल्यावर शार्दूलनं स्वतःच सगळं सांगितलं, न सांगून चाललं असतं तरी. तिनं बाळाला आधी सगळीकडून चाचपून बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. "तू उद्या डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "मला कळत नाहीये तुला काय झालंय. पण हे असं पुन्हा झालं, तर मी दोघांना घेऊन बार्शीला जाईन. आई नसली तरी बाबा आहेत तिथे."

डॉक्टर शमीम इनामदार संप्रेरकांच्या आजारांवरच्या तज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या 'तोल'ची नोंद पडद्यावर उघडली.

"राग यामुळेच आला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा मात्रेनं चांगला माणूस राक्षस होत नाही. तुमची झोप झालेली नाही, तुम्ही घरात कोंडलेले आहात, मनात लाज घेऊन बसला आहात. त्यात ही वरून ओतलेली मात्रा. कशाचा वाटा किती, ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही."

"पण पातळी उतरली होती ना, मॅडम? म्हणून तर..." शार्दूल अडखळला. "म्हणून तर ते जमेना."

"ही रेघ बघा." त्यांनी पडद्यावर बोट टेकलं. "पातळी हिच्या खाली गेली की इच्छा मरगळते, ताठरपणावर परिणाम होतो, हे खरं आहे. अशा माणसाला औषध द्यायलाच हवं. पण तुम्ही या रेघेच्या खाली कधी गेलाच नव्हता. रेघेच्या वर असताना आणखी ओतण्यात फारसा फायदा नसतो. टाकी भरलेली असताना नळ चालू ठेवल्यासारखं आहे ते. त्या दुपारच्या आदल्या रात्री किती झोपला होता?"

"झोपलोच नव्हतो."

"मग त्याला आजार म्हणत नाहीत. दमणूक म्हणतात."

"पण ते नंतर जमलं की! मात्रा वाढवल्यावर."

"साखरेची गोळी देऊन जमलं असतं, असंही असेल. नसेलही. ते आता कळायला मार्ग नाही."

 शार्दूल उत्तर घ्यायला आला होता आणि बाई त्याच्या हातातलं होतं ते उत्तरही काढून घेत होत्या. "मग यंत्रानं पिवळं का दाखवलं?" त्यानं जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"कारण ते या रेघेशी तुलनाच करत नाही. तुमच्या आधारपातळीशी करतं. आणि बाळाला अंगाखांद्यावर वागवणाऱ्या बापांची पातळी थोडी उतरते, हे बाहेरच्या देशांत बऱ्याच वर्षांपूर्वी दिसलंय. निसर्गाची सोय असावी. शिकार बंद, आता घरी बसा. पण..." त्या थांबल्या. "पण आपल्याकडे ते दिसलं नाही. 'तोल'ची चाचणी इथे नाशकातल्याच कारखान्यांत झाली, नव्यानं बाप झालेल्यांवर. मी तेव्हा नमुने तपासायला होते. एकाचीही पातळी उतरली नव्हती. पेपरांत मथळे आले होते, आठवतंय? 'मराठी बाप खमका!'"

शार्दूलला आठवत होतं. कसं आठवणार नाही? त्या खमक्या बापांत तोही होता. दंडात दाणा तेव्हाच तर बसला होता.

"म्हणजे माझी आधारपातळी तेव्हाची?"

"हो. तुमची मुलगी महिन्याची असताना घेतलेली. नव्या बापाची पातळी म्हणून तीच धरली जाते."

ओवी महिन्याची असताना. शार्दूल ते दिवस आठवायला लागला. सकाळी व्यायामशाळा, मग कामावर, संध्याकाळी पोरांबरोबर क्रिकेट, रविवारी मिसळ, मग चांगली ताणून झोप. रोज फोनवर ऋजुता कपड्यांच्या गुंडाळीतलं एक गुलाबी तोंड दाखवायची. बारशाला तो बार्शीला गेला होता. फोटोपुरतं त्याच्या हातात कुणी पोर दिली, "मान धरा, मान!" असा सगळ्या बायकांनी एकच गलका केला आणि फोटो निघताच परतही घेतली. इतकंच. ओवी महिन्याची होती आणि तो नाशकात एकटा, ठणठणीत, हिरवागार होता.

कपाटातला मखमलीतला पोलादी तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

"मॅडम," तो सावकाश म्हणाला, "त्या चाचणीतल्या बाकीच्यांच्या बायका कुठे होत्या?"

"म्हणजे?"

"पहिलटकरणी ना सगळ्या? माहेरी असणार."

डॉक्टरांनी पडदा सोडून खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"आमच्याकडे कसं असतं," शार्दूल म्हणाला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला आपण काय बोलतोय ते कळत होतं. "पोलाद गरम झालं की फुगतं. म्हणून मोजायची खोली ठरावीक गारव्याला ठेवतात. एखाद्यानं मास्टरच बाहेर उन्हात मोजला आणि तो आकडा भिंतीवर लावला, तर पुढे खोलीतला चांगला माल नापास होत राहतो. माल नापास झाला की लोक मशीन बदलतात, कामगार बदलतात. मास्टरवर कुणी संशय घेत नाही."

डॉक्टर इनामदार आधी हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं. "वय विचारलं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "वजन, दारू, सिगारेट, पाळीचं काम, सगळं विचारलं होतं. बाळ कुठे आहे, हे नाही विचारलं. नव्या बापाजवळ बाळ नसायचंच, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं, की... माझं स्वतःचं बाळंतपण मालेगावला झालं, अम्मीकडे. माझ्याही डोक्यात आलं नाही."

 बाहेर बसलेल्या माणसांपैकी कितीजणांच्या दंडात तो दाणा असेल, हा विचार दोघांच्याही मनात आला असावा.

"मी हे कळवते कंपनीला," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "ते मानतील तेव्हा मानतील. तुमचं बोला. मात्रा मी आज बंद करू शकते. पण आधी ऐकून घ्या. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर तुमच्या मेंदूनं आतला कारखाना बंद केलाय. तो पुन्हा सुरू व्हायला काही महिने लागतील. तोवर अंगात त्राण नसेल, मन उदास होईल, इच्छेचं तर नावच काढू नका. आणि त्या काळात आकडा जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका. खाली असेल तो औषध सोडल्यामुळे, की बाळामुळे, की कशामुळे, मलाही ओळखता येणार नाही."

"पण पुन्हा पहिल्यासारखा होईन ना?"

"बहुतेक जण होतात." त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या पहिल्यासारखं व्हायचंय, ते मात्र तुम्हाला ठरवावं लागेल."

घरी ऋजुता बाळाची दुपटी घड्या करत बसली होती. शार्दूलनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, त्या दुपारच्या लाजेसकट.  सांगून झाल्यावर तिनं एक दुपटं उगाचच पुन्हा उलगडलं.

"मग गेले कित्येक दिवस मला जवळ ओढत होतास, तो तू होतास की ते यंत्र?"

"यंत्र. म्हणजे मीच, पण यंत्रामुळे."

"आणि त्याच्या आधी बाळ नुसतं वळलं तरी जागा व्हायचास, तो?"

"तो मी."

"तेही पातळीमुळेच ना? उतरली म्हणून. मग तो तरी तू कशावरून?"

ती चिडवत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानं एक दुपटं घेऊन घडी घालायला घेतली. ती तिरकी झाली.

"माझंही तसंच आहे," ऋजुता म्हणाली. "पान्हा फुटतो तेव्हा हे बाळ मला जगात सगळ्यात देखणं वाटतं. एरवी बघितलं तर तुझ्या सिन्नरच्या काकांसारखं दिसतं."

शार्दूल हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि ते का, हेही त्याला कळलं नाही. "ओवीला मी असं कधीच..."

"ती बार्शीहून आली तेव्हा तुला बघून भोकाड पसरलं होतं तिनं," ऋजुता हळूच म्हणाली. "मग तू तिला फारसं घेतलंच नाहीस. सगळ्यांना सांगायचास, पोरगी आईवर गेलीय."

मात्रा बंद झाली. डॉक्टरांनी सांगितलेलं अक्षर न अक्षर खरं झालं. जिने चढताना शार्दूलला धाप लागे. टीव्हीवर कुणी कुणाला निरोप दिला तरी रडू येई. ऋजुता रात्री त्याच्या पाठीवर हात ठेवून झोपे, आणि तेवढंच पुरे असल्याचं म्हणे. त्याला ते खरं वाटे आणि खोटंही वाटे. बाळाचं रडणं पुन्हा पोटात शिरेल म्हणून तो कान लावून वाट बघत राही. कधी शिरल्यासारखं वाटे. मग वाटे, आपणच ओढूनताणून शिरवतोय. कँटीनमधल्या सोबत्याचा, टेकाडेचा फोन आला, "गवांद्या, गोल काय म्हणतोय?" त्यानं "बरा आहे" म्हणून फोन ठेवला. दाणा मोजायचा थांबला नव्हता. आपोआप वाढवणं बंद झाल्यावर तो पुन्हा विचारायलाही लागला होता, कारण वाढवणं नि विचारणं दोन्ही बंद करायची सोय कंपनीनं ठेवलीच नव्हती.

ओवी त्या संध्याकाळपासून न्हाणीघराच्या दारात यायची बंद झाली होती. टॉवेल ती बाहेरच्या खुर्चीवर ठेवून जाई.

एका रविवारी शार्दूल बाळाचं तेलपाणी आटोपून, त्याला धुरी देऊन ऋजुताकडे सोपवून आला. वाटीतलं कोमट तेल उरलं होतं. ते आवरायला म्हणून तो पुन्हा न्हाणीघरात शिरला, तर पाटाजवळ ओवी बसलेली. घरातला जुना फ्रॉक घालून.

"तो लहान आहे म्हणून त्याला रोज लावतोस ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मी लहान होते तेव्हा मला कोण लावायचं?"

"आजी. बार्शीची आजी."

"आणि तू कुठे होतास?"

सहा वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखी पुष्कळ उत्तरं होती. रीत होती, नोकरी होती, सगळ्यांचे बाबा असेच असतात, हेही खरं होतं. शार्दूलला त्यातलं एकही सांगवेना.

"मी इथे होतो," तो म्हणाला. "क्रिकेट खेळत होतो."

ओवीनं यावर थोडा विचार केला. "जिंकायचास?"

"कधीकधी."

तो पाटावर बसला. पाय लांब केले. ओवी आता त्याच्या नडग्यांवर मावणार नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं. ती शेजारी फरशीवर आडवी झाली आणि तिनं आपली पावलं त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं वाटीत बोटं बुडवली. तिची टाच त्याच्या तळहातात आली तेव्हा त्याला जाणवलं, की या पावलांचा आकार आपल्याला ठाऊकच नव्हता. करंगळी वळलेली होती, थेट त्याच्यासारखी. त्याच्या आत काहीतरी हललं. ते औषध सुटल्याचं होतं, की जागरणाचं, की जे सहा वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते आता होत होतं, त्याला सांगता आलं नसतं. त्यानं ते ओळखायचा प्रयत्नही सोडून दिला.

दंड थरथरला.

कोनाड्यातला फोन उजळला. ओवीनं हात लांबवून तो काढला आणि नुकत्याच शिकलेल्या अक्षरांवर बोट ठेवत वाचलं, "तुमची... पातळी... उतरते... आहे. वाढवू?" तिनं मान वर केली. "बाबा, हा विचारतोय वाढवू का. काय सांगू?"

तिचा दुसरा पाय तसाच राहिला होता. शार्दूलनं तो उचलून घेतला.

"सांग," तो म्हणाला, "बाबांचे हात तेलाचे आहेत."